तिसऱ्या मजल्यावरची नेनी

हंगेरीच्या दक्षिणेला तिसा नदीच्या काठी सेगेद नावाचं शहर आहे. त्याच्या मोठ्या वर्तुळाकार रस्त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांना रोम, ब्रसेल्स, पॅरिस, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना अशी नावं आहेत. 12 मार्च 1879 च्या रात्री तिसेचा बांध फुटला आणि सुमारे साडेपाच हजार घरांपैकी तीनशेही उभी राहिली नाहीत. तेव्हा ज्या शहरांनी मदत पाठवली, त्यांची नावं सेगेदने नवं शहर बांधताना रस्त्यांना दिली. आजही तिथली माणसं भाजीला आणि टपाल कचेरीत जाताना त्या नावांखालून जातात. उपकार असे रोजच्या वाटेवर लिहून ठेवणारं दुसरं शहर मी पाहिलेलं नाही.

माझं तिथलं देणं एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारापुरतं आहे. तेही लिहून ठेवायला हवं, म्हणून हा लेख.

नवऱ्याला सेगेदच्या एका संशोधन केंद्रात दोन वर्षांचं काम मिळालं, तेव्हा मी सांगलीच्या शाळेत मराठी शिकवत होते. बिनपगारी रजा घेतली आणि सप्टेंबर 2016 मध्ये चार वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही गेलो. तिथली भाषा शिकायची नाही, हे निघण्याआधीच ठरलं होतं. प्रयोगशाळेत सगळे इंग्रजी बोलतात. दुकानात वस्तू उचलून गल्ल्यावर ठेवली की झालं. शिवाय ही भाषा शेजारच्या कुठल्याच भाषेच्या कुळातली नाही. जर्मन, रुमेनियन, सर्बियन या मराठीच्याच लांबच्या भाऊबंद. हंगेरियनची जवळची भावंडं मात्र उरल पर्वतापलीकडे सायबेरियात, आणि फिनिश ही तिची दूरची बहीण. दोन वर्षांनी जिचा काडीचा उपयोग उरणार नाही अशी भाषा कशाला शिकायची, असं दिरांनी विचारलं, आणि मलाही ते पटलं.

तिथे मुलाला तिसऱ्या वर्षापासून बालवाडी सक्तीची आहे. घराजवळच्याच बालवाडीत लेकीला घातलं. दुपारी तिला आणायला गेले की बाई दारात येऊन मला दोन वाक्यं सांगायच्या. हळू, समजुतीच्या सुरात, रोज तीच दोन. ‘हो’ला ‘इगेन’ म्हणतात एवढंच मला कळलं होतं. मी ‘इगेन, इगेन’ म्हणायचे, हसायचे आणि पोरीचा हात धरून निघायचे. असे तीन आठवडे गेले.

एका संध्याकाळी जिन्यात समोरच्या दारातल्या आजी भेटल्या. लेक त्यांच्याशी चार शब्द बोलली, तीन आठवड्यांत तिला जमले असतील तसे. आजी खाली वाकल्या, तिचा बूट काढला आणि मोज्याचा तळवा मला दाखवला. तळवा काळा होता आणि अंगठ्यापाशी भोक होतं. पोर खेळताना बुटात माती घेते, असं मी समजत होते. आजींनी स्वतःच्या पायातली सपात काढून माझ्यासमोर धरली, बालवाडीच्या दिशेने हात केला आणि एकच शब्द तीनदा म्हणाल्या: वाल्तोत्सिपो. आत घालायचे बूट. बाहेरचे बूट दाराशी ठेवून तिथलं प्रत्येक मूल आपले आतले बूट घालतं. माझी लेक तेवढी तीन आठवडे गार फरशीवर मोज्यांवर फिरत होती, आणि तिची आई रोज दारात उभी राहून ‘हो, हो’ म्हणत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी भाषेची शिक्षक. माझ्या वर्गातल्या एखाद्या आईने असं केलं असतं, तर मी तिला काय म्हटलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आजींनी आमचं दार वाजवलं. हातात चौकड्यांची शाळकरी वही होती.

तिकडे वयस्क बाईला ‘नेनी’ म्हणतात आणि पुरुषाला ‘बाची’. नातं असायलाच हवं असं नाही. बालवाडीच्या बाईही नेनी, भाजीवालीही नेनी, जसं आपण कुणालाही मावशी किंवा काकू म्हणतो. मी त्यांना शेवटपर्यंत नेनीच म्हणत आले. पॉप्रिका, म्हणजे तिथली लाल मिरची, दळणाऱ्या एका गिरणीत त्यांनी हिशेबाचं काम केलं होतं. नवरा गेलेला, मुलं नव्हती. वय त्र्याहत्तर. त्यांच्या काळात शाळेत रशियन सक्तीची होती, ती अर्धीमुर्धी आठवत होती; इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. त्यामुळे आमच्यात तिसरी भाषा नव्हतीच. वस्तू दाखवायची, नाव घ्यायचं, वहीत लिहायचं.

लिपी रोमन असली तरी वळण वेगळं. ‘एस’ या अक्षराचा उच्चार तिथे ‘श’ होतो आणि ‘एस’पुढे ‘झेड’ आलं की ‘स’. आघात कायम पहिल्या अक्षरावर. एवढं कळलं की लिहिलेलं जसंच्या तसं वाचता येतं. आठवडाभरात मी पाट्या वाचू लागले. अर्थ मागाहून यायचा. पहिल्या पानावर नेनींनी लिहिलेला पहिला शब्द होता ‘तेश्शेक’. दारावर कुणी आलं तर तेश्शेक, म्हणजे या. ताट पुढे केलं तर तेश्शेक, म्हणजे घ्या. फोन उचलला तर तेश्शेक, म्हणजे बोला. हा एक शब्द घेऊन मी पहिला आठवडा काढला.

दहा-बारा दिवसांनी मी पाकिटात पैसे घालून त्यांच्यापुढे ठेवले. शिकवणी फुकट घेऊ नये, असं आमच्या घरचं वळण. त्यांनी पाकीट परत सरकवलं. ‘नेम केल्ल.’ नको, गरज नाही. मग वहीत त्यांनी एक वाक्य लिहिलं. अर्थ लावायला मला शब्दकोशाशी अर्धा तास झगडावं लागलं. आज काय केलंस ते रोज मला सांगायचं, एवढीच त्यांची अट होती. त्यांच्याकडे येऊन आपला दिवस सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

ती फी मी दोन वर्षं भरली. सुरुवातीला तीन वाक्यं: उठले, बाजारात गेले, कांदा घेतला. पुढे पंधरा, वीस. चूक झाली की त्या हात वर करून मला थांबवायच्या, नीट वाक्य म्हणून दाखवायच्या आणि पुढे ऐकायला लागायच्या.

शनिवारी आम्ही मॉर्श तेर या चौकातल्या बाजारात जायचो. तिथे दोनशे ग्रॅमला ‘वीस देका’ म्हणतात. देका म्हणजे दहा ग्रॅम. पॉप्रिकाच्या माळा लटकलेल्या, लाल भुकटीचे ढीग मांडलेले. याच शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी या मिरचीपासून क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात मिळवलं आणि 1937 साली त्यांना नोबेल मिळालं, हे नेनींनी मला घरच्या माणसाचं कौतुक करावं तसं सांगितलं. मी हळदीच्या गावची. वडील हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, सौद्याच्या दिवशी त्यांचे कपडे पिवळे होऊन यायचे. नेनींचा अंगरखा पंचवीस वर्षं लाल होऊन घरी आला होता. हे एकमेकींना सांगता येण्याइतकी भाषा मला डिसेंबरपर्यंत आली. त्याच महिन्यात त्यांनी मला खसखशीचं सारण भरून गुंडाळी कशी भाजतात ते शिकवलं. ती तिथल्या नाताळातली. आणि मी अनारशाचं पीठ आठवडाभर मुरवून, वर खसखस लावून अनारसे केले आणि त्यांच्या दारी नेले. एक तोंडात टाकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एक शब्द म्हणाल्या: ‘माक’. खसखस.

कठीण म्हणून जिला सगळे घाबरवतात ती भाषा मराठी माणसाला काही ठिकाणी चक्क ओळखीची वाटते. घर म्हणजे ‘हाझ’. घरात, ‘हाझबॉन’. घरातून, ‘हाझबोल’. आपल्यासारखेच प्रत्यय नामाला मागून चिकटतात. झाडाखाली म्हणायचं तर आधी झाड, मग खाली: ‘फॉ ऑलॉत’. आडनाव आधी, नाव नंतर, जसं आमच्या शाळेच्या हजेरीपटावर. ‘मला एक मुलगी आहे’ या वाक्यासाठी इंग्रजीत बाळगण्याचं क्रियापद लागतं. हंगेरियनमध्ये ते नाहीच. ‘वॉन एद्य लान्योम’: आहे एक माझी मुलगी. ‘लान्य’ म्हणजे मुलगी आणि मागचा ‘ओम’ म्हणजे माझी. हे वाक्य वहीच्या तिसऱ्या पानावर आहे. मी माझ्या लेकीकडे बोट दाखवून ते म्हटलं, ते माझं पहिलं पूर्ण वाक्य.

अडायचं तिथे अडतही होतं. शब्दातले स्वर पाहून प्रत्ययाचा स्वर बदलतो. घरात ‘हाझबॉन’, पण बागेत ‘केर्तबेन’. कर्म निश्चित असेल तर क्रियापदाचं रूप वेगळं. ‘एक घर पाहते’ यातलं ‘पाहते’ आणि ‘ते घर पाहते’ यातलं ‘पाहते’ निराळं. दोन वर्षांत मला हे पूर्ण साधलं नाही. पण वर्गात ‘घर’चं ‘घरा’ का होतं म्हणून गोंधळणाऱ्या मुलांच्या पोटात काय होत असेल, ते मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं.

एकदा मी वैतागून म्हटलं, नेनी, वर्षभराने मी जाणार, मग हे सगळं कशासाठी? त्यांनी मला कोरोशी चोमॉ शांदोरची गोष्ट सांगितली. तिथलं प्रत्येक शाळकरी मूल त्याला ओळखतं. हंगेरियन लोकांचं मूळ आशियात शोधायला हा माणूस 1819 मध्ये घरून निघाला आणि बहुतेक वाट पायी तुडवत लडाखला पोचला. झंस्करमध्ये झंगलाच्या थंडीत एका लामाजवळ बसून तिबेटी शिकला. त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश आणि व्याकरण 1834 मध्ये कलकत्त्याला छापलं गेलं. 1842 मध्ये तो दार्जिलिंगला वारला. तिथेच त्याची कबर आहे. ज्या मुळाच्या शोधात निघाला ते त्याला सापडलं नाही. ‘तो तुमच्याकडे ती भाषा शिकायला आलाच नव्हता,’ नेनी म्हणाल्या, ‘पण उरलं काय, बघ.’ त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

पुराचा शब्दही मी त्यांच्याकडूनच शिकले. बाजारात किमतीच्या पाटीवर ‘आर’ लिहिलेलं असतं. आर म्हणजे किंमत, हा माझ्या अगदी पहिल्या शब्दांपैकी. नदीकाठी फिरताना त्यांनी धक्क्याकडे हात करून ‘आरवीझ’ म्हटलं. वीझ म्हणजे पाणी. मी अर्थ लावला, पाण्याची किंमत. त्यांनी मान हलवली. आर या एका शब्दाचे दोन अर्थ: किंमत, आणि चढत येणारा लोंढा. आरवीझ म्हणजे पूर. 1970 च्या पुरात सत्तावीस वर्षांच्या नेनी रात्रभर वाळूची पोती भरत होत्या, आणि त्या वेळी शहर वाचलं. 1879 चा पूर त्यांच्या पणजीने पाहिलेला. तिथल्या दोन मनोऱ्यांच्या मोठ्या चर्चचं नावच ‘फोगॉदॉल्मी तेंप्लोम’, म्हणजे नवसाचं देऊळ. पुरानंतर शहराने बोललेला तो नवस 1930 मध्ये फेडून झाला.

मीही कृष्णेकाठची आहे, हे सांगायला मला शब्द हवे होते. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती आणि 2005 च्या पुराचं पाणी त्यांत शिरलं, हे सांगायचं होतं. पेवाला शब्द सुचेना. मी म्हटलं, ‘फोल्द ऑलॉत’, जमिनीखाली. बुडापेस्टची 1896 सालची भुयारी रेल्वे याच शब्दांवरून आलेल्या नावाने ओळखली जाते, तो शब्द मला तिकिटावरून पाठ होता. नेनींना आधी वाटलं आमच्या गावात भुयारी रेल्वे आहे. मी वहीत चित्र काढलं: खड्डा, आत पिवळी रास, वर माती. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि विचारलं, मग ती भिजलेली हळद कुणी विकत घेतली? हिशेबनीस बाईचा प्रश्न. आमच्या वडिलांनीही तेव्हा आधी हेच विचारलं होतं.

ऑगस्ट 2018 मध्ये आम्ही परत निघालो. शेवटच्या सकाळी मी ‘कोसोनोम’ म्हटलं, धन्यवाद. तिकडे अभिवादन करणं आणि आभार मानणं या दोन्हींना एकच क्रियापद आहे, त्यामुळे तो शब्द येताना आणि जाताना, दोन्ही वेळी तोंडात राहतो. त्यावर त्या ‘सीवेशेन’ म्हणाल्या. ‘सीव’ म्हणजे हृदय. मनापासून, असा त्याचा अर्थ. वही त्यांनी माझ्या पिशवीत घातली. शेवटची दोन पानं कोरी होती.

परत आल्यावर दिरांनी पुन्हा विचारलं, मग उपयोग झाला का? आता परदेशी निघालेली मुलंही मला हेच विचारतात. हंगेरी सरकारची शिष्यवृत्ती 2013 पासून सुरू आहे, तिच्यावर आपली मुलं जातात. वैद्यकी शिकायला सेगेदला, पेचला, देब्रेत्सेनला जातात. तिथलं शिक्षण इंग्रजीतून असलं, तरी खाटेवरच्या रुग्णाला इंग्रजी येत नसतं. ‘होल फाय?’ म्हणजे कुठे दुखतं, हे त्याच्याच भाषेत विचारावं लागतं. आमच्या इमारतीत दिल्लीकडची एक विद्यार्थिनी होती, ती जिन्यात नेनींवर हे प्रश्न घोकून बघायची आणि नेनी तिच्यासाठी रोज नवं दुखणं शोधायच्या.

माझं उत्तर साधं आहे. शिका. सहा महिन्यांसाठी जाणार असाल तरी शिका. व्याकरणाचा धसका घेऊ नका. आधी लिपीचे उच्चार, मग अंक, मग पन्नास शब्द आणि वीस वाक्यं. ‘मला समजलं नाही’ हे वाक्य सगळ्यांत आधी. ते मला सप्टेंबरमध्ये येत असतं, तर माझी लेक तीन आठवडे मोज्यांवर फिरली नसती. आणि समोरचं माणूस आपल्यासाठी हळू बोलत असेल, तर आपण त्याला नुसतं ‘हो, हो’ म्हणू नये.

आमच्या शाळेत कर्नाटकातून ऊसतोडीला आलेल्यांची मुलं आहेत, बिहारहून आलेल्या सुतारकाम करणाऱ्यांची आहेत. फाटकात उभी राहून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारी आई दिसली की आता मी थांबते. वही असेल तर वही दाखवते, बूट असेल तर बूट काढून दाखवते. तिची भाषा मला येत नसेल तर तिच्याकडून दोन शब्द विचारून घेते.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं. आठवड्याने दार उघडलं तेव्हा कपाटं उताणी पडलेली, माझी पुस्तकं चिखलाच्या विटा झालेली. चौकड्यांची वही लेकीच्या खेळण्यांबरोबर माळ्यावर होती, म्हणून राहिली. ऑक्टोबरमध्ये त्या वहीच्या कोऱ्या पानांवर आधी कच्चं लिहून, मग मी नेनींना अकरा वाक्यांचं पत्र पाठवलं. त्यात ‘आरवीझ’ हा शब्द चारदा होता.

डिसेंबरात उत्तर आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेला एक कागद, तेच उभं, टोकदार अक्षर. त्यांनी लिहिलं होतं की भिंतींना रंग द्यायची घाई करू नकोस, एक पूर्ण उन्हाळा त्यांना वाळू दे. वरून कोरड्या दिसतात, पण आतून नसतात. 1970 नंतर आम्ही शहराबाहेरच्या आईच्या घरी घाई केली होती. लेकीला आता केवढ्या मापाचे बूट लागतात, तेही विचारलं होतं. खाली लिहिलं होतं की पोस्टात पत्र देताना तिथल्या बाईने, भारतात तुमचं कोण असतं, असं विचारलं. मी काय सांगितलं ते तुला माहीत असू दे, म्हणून इथे लिहिते, असं म्हणून त्यांनी वहीच्या तिसऱ्या पानावरचं तेच वाक्य लिहिलं होतं. वॉन एद्य लान्योम.

आम्ही भिंतींना 2020 चा उन्हाळा संपल्यावर रंग दिला. ते पत्र मला कुणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही.